रस्त्यावरचा रिकामा पलंग: क्वीअर कला समजून घेताना

जून महिना आला की एक छायाचित्र मोबाइलवर हमखास फिरू लागते. पांढऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात चकचकीत रंगीत कागदांत गुंडाळलेल्या खाण्याच्या गोड गोळ्यांचा मोठा ढीग असतो आणि सोबत एवढेच लिहिलेले असते की हे एका माणसाचे व्यक्तिचित्र आहे. समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या हक्कांचा महिना म्हणून जून जगात अनेक ठिकाणी पाळला जातो आणि नागपुरातही गेली काही वर्षे अभिमान पदयात्रा निघते, त्यामुळे या विषयावरचे काही वाचनात येणे आता नवे राहिलेले नाही. तरीही ते छायाचित्र पाहून ‘यात माणूस कुठे आहे?’ आणि ‘यात कला कुठे आहे?’ हे दोन प्रश्न मला इतक्या जणांनी विचारले आहेत, की त्यांची उत्तरे सावकाश आणि मुळापासून द्यावीत असे वाटले. विचारणाऱ्यांपैकी कोणीही कुचेष्टेने विचारत नव्हते. त्यांना खरोखर समजून घ्यायचे होते, आणि हा विषय समजण्यासारखा आहे.

आधी एका शब्दाविषयी

‘क्वीअर’ हा इंग्रजी शब्द मूळचा ‘विचित्र’ या अर्थाचा आहे आणि तो दीर्घकाळ शिवीसारखा फेकला जात असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कार्यकर्त्यांनी तीच शिवी उचलून स्वतःचे नाव म्हणून लावली. आज तो शब्द अशा सर्वांसाठी वापरतात, ज्यांचे प्रेम किंवा ज्यांचा लिंगभाव समाजाने आखलेल्या चौकटीत बसत नाही. लिंगभाव म्हणजे आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की या दोहोंपलीकडचे आहोत, याची ज्याची त्याला मनातून असलेली जाणीव.

हिणवणारा शब्द उलटवून ताठ मानेने वापरणे म्हणजे काय, हे विदर्भातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९७२ मध्ये दलित पँथरने ‘दलित’ हा शब्द लढाऊ ओळख म्हणून पुढे आणला, तर नागपुरातील असंख्य घरांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तसा कोणताही शब्द बाजूला सारून ‘बौद्ध’ हीच आपली ओळख मानली. हे दोन इतिहास वेगळे आहेत, त्यांतील अन्यायाचे स्वरूप वेगळे आहे आणि मला त्यांची बरोबरी करायची नाही. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे हे स्वतः ठरवण्यात माणसाची केवढी प्रतिष्ठा गुंतलेली असते, एवढेच मला दाखवायचे आहे. ‘क्वीअर’ हा शब्दही काहींना अभिमानाचा वाटतो आणि काहींना अजिबात नको असतो. या लेखात तो सर्वसमावेशक अर्थाने घेतला आहे.

कुंचल्यावाचून कला

बहुमाध्यमी कलाकार एका साधनाला बांधलेला नसतो. जे सांगायचे आहे त्यानुसार तो छायाचित्र, चित्रफीत, छापील कागद, विजेचे दिवे, घड्याळ किंवा रस्त्यावरचे होर्डिंग यांतून माध्यम निवडतो. निवडलेल्या वस्तू एखाद्या जागेत विचारपूर्वक मांडून जी कलाकृती घडते, तिला मराठीत मांडणशिल्प म्हणतात.

हे ऐकायला परके वाटते, पण नागपूरकर दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी याच्या अगदी जवळ जाणारे काहीतरी पाहतात. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे शहराची पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, इतवारी-महालच्या रस्त्यांवरून निघते, सोबत चालू घडामोडींवर भाष्य करणारे बडगे नावाचे पुतळे असतात, ‘घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो आणि शेवटी सगळ्याचे दहन होते. ही परंपरा १८८० च्या दशकापासून चालत आलेली आहे. कागद, बांबू आणि कापड यांचा तो पुतळा जपून ठेवण्यासाठी बनवलेला नसतो. तो रस्त्यावरून जाणे, लोकांनी त्याच्यावर शहराची पीडा लादणे आणि त्याने जळून जाणे हे सगळे मिळून मारबत होते. पुतळा तेवढा काचेच्या पेटीत ठेवला, तर उरेल तो निव्वळ पुतळा. मांडणशिल्पाकडे याच नजरेने पाहावे, म्हणजे पुढचे बरेच सोपे होते.

कोपऱ्यातले ७९ किलो

गोळ्यांच्या त्या ढिगाचे कर्ते फेलिक्स गोन्झालेस-टोरेस. त्यांचा जन्म १९५७ मध्ये क्यूबात झाला, त्यांचे बहुतेक महत्त्वाचे काम न्यूयॉर्कमध्ये झाले आणि जानेवारी १९९६ मध्ये, वयाची चाळिशीही गाठण्याआधी, एड्सने त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पुढे एड्सवरील प्रभावी संयुक्त औषधोपचार रुग्णांपर्यंत पोहोचू लागले. त्यांचे जोडीदार रॉस लेकॉक १९९१ मध्ये याच आजाराने गेले होते आणि हे ‘लॉस एंजेलिसमधील रॉसचे व्यक्तिचित्र’ त्याच वर्षीचे आहे.

या कलाकृतीचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो ठरवून दिलेले आहे. निरोगी असतानाच्या रॉसचे हे वजन, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाहायला येणाऱ्याने ढिगातील एखादी गोळी उचलून खावी, अशी मुभा आहे. दिवसभर माणसे येतात, एकेक गोळी नेतात आणि ढीग हळूहळू उतरत जातो. आजारी माणूस डोळ्यांदेखत वाळत जावा, तसा. मग संग्रहालयाला वाटल्यास ते नव्या गोळ्या आणून वजन पुन्हा पूर्ण करू शकते, आणि हे कितीही वेळा करता येते.

‘यात माणूस कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. चेहऱ्याच्या जागी वजन आहे आणि ते वजन आपल्या हातांनी कमी होते. त्या काळात एड्सची भीती कोणत्या थराला गेली होती हे ज्यांना आठवते, त्यांना यातील आणखी एक गोष्ट लगेच जाणवेल. अशा रुग्णाचा कप वेगळा, ताट वेगळे आणि टॉवेल वेगळा ठेवला जाई. शिवणे तर दूरच, त्याच्या खोलीत पाऊल टाकायला नातेवाईक घाबरत. आणि इथे रुग्णाच्या देहाच्या जागी ठेवलेली गोष्ट अनोळखी माणसे प्रसाद घ्यावा तशी हातात घेतात, कागद सोडवतात आणि तोंडात टाकतात. आपल्याकडच्या संत्र्याच्या गोळीसारखीच ती जिभेवर विरघळते. पाहणारा क्षणभर त्या माणसाचा नातेवाईक होतो. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत शोकावर झालेल्या सर्वात कोवळ्या कलाकृतींपैकी ही एक आहे.

‘गोळ्या काय, कोणीही ओतील’ हा आक्षेप यावर हमखास येतो आणि तो खोटा नाही. गोळ्या खरोखरच कोणीही ओतू शकतो. जगातील निरनिराळ्या संग्रहालयांत त्या तिथल्या कर्मचाऱ्यांनीच ओतल्या आहेत. दारातली रांगोळी रोज पुसली जाते आणि रोज नव्याने काढली जाते, तरी त्या दारात रांगोळी ‘असते’. तशीच ही कलाकृती गोळ्यांमध्ये नसून तिच्या नियमांत आहे: वजन किती, घ्यायला परवानगी, भरण्याची मुभा. शोकाला नेमका हाच आकार द्यावा हे सुचणे, ही त्यातली कारागिरी.

दोन घड्याळे आणि निळी भिंत

गोन्झालेस-टोरेस यांची दुसरी प्रसिद्ध कलाकृती याहूनही साधी आहे. बाजारात मिळणारी, सेलवर चालणारी दोन गोल पांढरी घड्याळे एकमेकांना चिकटून भिंतीवर टांगायची, दोन्हींचे मिनिट आणि सेकंद काटे जुळवायचे आणि ती चालू ठेवायची. नाव ‘परिपूर्ण प्रेमिक’. सुरुवातीला दोघांची टिकटिक एक असते. पुढे सेल कमीअधिक झाले की एक मागे पडू लागते. यासाठी कलाकाराने नेमक्या सूचना देऊन ठेवल्या आहेत: भिंतीला फिकट निळा रंग असावा, दोन्ही घड्याळे एकमेकांना टेकलेली असावीत, आणि कोणत्याही एकाचा सेल बदलावा लागला तर तो बदलून दोन्ही पुन्हा जुळवावीत. रॉस आजारी असण्याच्या काळातले हे काम आहे.

इतके आडवळणाने का सांगायचे, असे कोणी म्हणेल. त्याला त्या काळाचे कारण आहे. १९८९ मध्ये वॉशिंग्टन येथील कॉर्कोरन कलादालनाने रॉबर्ट मॅपलथॉर्प या छायाचित्रकाराचे प्रदर्शन उघडण्याआधीच रद्द केले, कारण समलिंगी देहांची छायाचित्रे असलेल्या प्रदर्शनाला सरकारी अनुदान मिळाल्यावरून राजकारणी खवळले होते. गोन्झालेस-टोरेस यांनी अशी वाट शोधली, जिथे जप्त करायला काही सापडणारच नाही. शेजारी शेजारी टिकटिकणाऱ्या दोन घड्याळांवर अश्लीलतेचा खटला कोण भरणार? शिवाय ज्याचे कोणी गेले आहे किंवा जाण्याच्या वाटेवर आहे, अशा प्रत्येकाला ती घड्याळे आपलीच वाटतात, मग तो नवरा-बायकोच्या संसारातला असो की आणखी कोणत्या.

दालनातून रस्त्यावर

कलादालनात शिरणारा माणूस काहीतरी पाहायचे ठरवूनच आलेला असतो. रस्त्यावरच्या माणसाचे तसे नसते. तो भाजी घेऊन किंवा शाळा सुटलेल्या मुलाला गाडीवर बसवून निघालेला असतो. त्यामुळे तीच कला रस्त्यावर आली की तिचा अर्थ बदलतो, आणि हे काम समजून घेण्यात सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे.

१९८९ मध्ये गोन्झालेस-टोरेस यांनी न्यूयॉर्कच्या शेरिडन स्क्वेअरमध्ये एक होर्डिंग लावले. जवळच स्टोनवॉल हा बार आहे, जिथे पोलिसांच्या छाप्याविरुद्ध समलिंगी आणि पारलिंगी लोक १९६९ च्या जूनमध्ये रस्त्यावर उतरले होते. त्या घटनेला तेव्हा २० वर्षे होत होती. संपूर्ण होर्डिंग काळे होते आणि अगदी तळाशी पांढऱ्या अक्षरांत काही नावे आणि साले होती: पोलिसांचा छळ १९६९, ऑस्कर वाइल्ड १८९५, सर्वोच्च न्यायालय १९८६, हार्वे मिल्क १९७७ अशी, क्रम मोडून. (वाइल्ड हे समलिंगी संबंधांवरून तुरुंगात गेलेले लेखक, तर मिल्क हे उघडपणे समलिंगी असलेले अमेरिकी लोकप्रतिनिधी.) चित्र नाही, घोषणा नाही. संविधान चौकात उद्या एक काळा फलक लागला आणि त्यावर फक्त ‘महाड १९२७, नाशिक १९३०, नागपूर १९५६’ एवढेच असले, तर ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा येईल आणि ज्याला ठाऊक नाही तो शेजारच्याला विचारील. त्या होर्डिंगने हेच साधले.

त्यातले ‘सर्वोच्च न्यायालय १९८६’ नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे काम त्यावर उभे आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात १९८२ मध्ये पोलिसांनी एका पुरुषाला त्याच्या स्वतःच्या शयनगृहात, दुसऱ्या प्रौढ पुरुषासोबत असताना अटक केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की अशा संबंधांना खासगीपणाच्या हक्काचे संरक्षण नाही. हा निकाल २००३ मध्ये उलटला. दरम्यानच्या काळात मात्र समलिंगी माणसाच्या घराची आतली खोली कायद्याच्या दृष्टीने खासगी नव्हतीच.

१९९२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात २४ ठिकाणी गोन्झालेस-टोरेस यांचे एकच कृष्णधवल छायाचित्र होर्डिंगवर झळकले. एक अस्ताव्यस्त पलंग, सुरकुतलेली पांढरी चादर, दोन उश्या, आणि त्या उश्यांवर डोकी टेकल्याच्या दोन खोलगट खुणा. एकही अक्षर नाही. शयनगृह जर न्यायालयाने चव्हाट्यावर आणलेच आहे, तर घ्या, हा पलंग. आणि त्यावरची दोन्ही माणसे नाहीत.

माझे वडील गेले तेव्हा त्यांची गादी तेराव्यापर्यंत गच्चीवर कठड्याला टेकवून ठेवली होती. उशी मात्र आईने खाली आणू दिली नाही आणि कोणाला झटकूही दिली नाही. तिच्या मधोमध तेलकट, खोलगट डाग होता आणि आई दुपारी खुर्चीवर बसून त्याच्याकडे पाहत असे. त्या होर्डिंगचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला ती उशी आठवली, आणि त्याबरोबर दुसरेही एक लक्षात आले. आईच्या त्या दुःखाला संपूर्ण गल्लीची मान्यता होती. शेजारणी डबे घेऊन येत होत्या, मोक्षधाम घाटावर कोण पुढे राहणार याबद्दल कोणालाही शंका नव्हती, बँकेत आणि निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात ‘पत्नी’ हा एक शब्द पुरेसा होता. वीस वर्षे एका पुरुषासोबत संसार केलेला पुरुष त्याच घाटावर ‘मित्र’ म्हणून मागच्या रांगेत उभा राहतो आणि दहनानंतर घराच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या हे त्याला दुसरेच सांगतात. त्या रिकाम्या पलंगाचे होर्डिंग मला सांगते ते हे, की प्रेम आणि शोक चारचौघांत दाखवण्याचा हक्क सगळ्यांना सारखा मिळालेला नाही.

‘घरात काय करायचे ते करा, रस्त्यावर कशाला?’

हा आक्षेप अगदी सभ्य माणसेही घेतात, म्हणून त्याला थेट उत्तर हवे. लग्नसराईत व्हरायटी चौकातून जाताना मान वर करून पाहा: सराफांच्या होर्डिंगवर नवरा-नवरी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभे असतात, गादीच्या जाहिरातीत जोडपे पहुडलेले असते, मंगल कार्यालयाच्या फलकावर वरमाला घातली जात असते. स्त्री-पुरुषाचे प्रेम अहोरात्र रस्त्यावर आहे, आणि ते तिथे आहे हे आपल्याला दिसतही नाही इतके ते सवयीचे झाले आहे. ‘घरातच राहू द्या’ ही अट एकाच बाजूला घातली जाते. लहान मुलांच्या नजरेस काय पडेल ही काळजी रास्त आहे. त्या २४ होर्डिंगवर मुलांना विस्कटलेला पलंग आणि दोन उश्या दिसल्या, ज्या त्यांनी सकाळीच घरी पाहिलेल्या होत्या.

शिवाय घराच्या आतली जागा तरी आपल्याकडे कुठे सुरक्षित होती? भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६० च्या कायद्यात घातले आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. म्हणजे घराचे दार आतून लावण्याचा अधिकार मिळून अजून दहा वर्षेही झालेली नाहीत. दाराबाहेरचा प्रश्न अर्धवटच आहे: १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एवढे स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि खात्यातील रक्कम मिळण्यासाठी एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही.

‘हे परदेशी खूळ आहे’

परदेशी होता तो कायदा, हे वर आलेच. घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर दीड हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास कोरला गेला. देवाला जे शोभते ते समाजाने माणसाला दिले होते असा याचा अर्थ नाही, आणि हे शिल्प पुढे करून जुना काळ उदार होता असे म्हणणे मला पटत नाही. परंतु दोन लिंगांच्या सीमेवर उभ्या असलेल्या देहाची प्रतिमा इथे आयात करावी लागली नाही, हे खरे.

‘आपल्या खडी गंमतीत आणि दंडारीत पुरुष बाईचे सोंग घेतातच की’ असेही कोणी म्हणेल. घेतात, आणि पूर्व विदर्भातील या लोकनाट्यांची ती मोठी देणगी आहे. तरी त्यात एक फरक आहे. सोंग रात्री चढते आणि पहाटे उतरते. पाहणाऱ्यांनाही ते उतरणार हे माहीत असते, म्हणून ते टाळ्या वाजवतात. न उतरणाऱ्या ओळखीला तोच समाज टाळ्या वाजवीलच असे नाही. क्वीअर कलाकार बोलतो ते या पहाटेनंतरच्या माणसाबद्दल.

भारतात हे काम बडोद्याच्या भूपेन खख्खर यांच्यापासून ठळकपणे दिसते. ते व्यवसायाने सनदी लेखापाल होते, रोज हिशेब तपासत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढत. १९८१ च्या ‘सगळ्यांना खूश करता येत नाही’ या त्यांच्या चित्रात सज्जात एक विवस्त्र माणूस उभा राहून खाली पाहतो आहे, आणि खाली बापलेक आणि गाढव यांची, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट चालली आहे. लोक काय म्हणतील म्हणून कधी बाप गाढवावर, कधी लेक. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. नागपूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या भिलाईत १९७९ मध्ये जन्मलेल्या तेजल शाह यांनी चित्रफिती आणि छायाचित्रांतून याच प्रश्नावर काम केले. जर्मनीतील कासेल येथे २०१२ च्या डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनात त्यांची पाच पडद्यांवर चालणारी कलाकृती दाखवली गेली, ज्यात कपाळावर शिंग असलेल्या, धड मनुष्यही नव्हेत आणि धड पशूही नव्हेत अशा आकृती वावरतात. आणि रस्त्याचे म्हणाल, तर बेंगळुरूचा अरवणी आर्ट प्रोजेक्ट २०१६ पासून पारलिंगी स्त्रियांसोबत शहरांच्या भिंती रंगवतो आहे. ज्या चौकात सिग्नलला गाडीची काच वर केली जाते, त्याच चौकात त्या स्त्रिया परांचीवर चढून भिंतीला रंग देतात आणि वाटसरू थांबून ‘हे कशाचे चित्र?’ असे विचारतात. व्हेनिस बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनातही २०२४ मध्ये त्यांचे भित्तिचित्र होते.

कलाकाराचे आयुष्य माहीत असायलाच हवे का?

आधी पाहावे आणि मग पाटी वाचावी, असा माझा सल्ला असतो. रॉस कोण हे माहीत नसतानाही गोळ्यांचा ढीग आपल्याशी काहीतरी करतो. मूल त्यात हात घालते, मोठा माणूस इकडेतिकडे पाहून खिशात दोन जास्तीच्या टाकतो. गोन्झालेस-टोरेस यांनाही अर्थ बंदिस्त नको होता, म्हणून त्यांच्या बहुतेक कामांचे पहिले नाव ‘शीर्षकहीन’ असेच आहे आणि बाकीचे कंसात येते.

पण पाटीच काढून टाकली तर? २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेमके हेच घडले. गोळ्यांच्या त्या ढिगाशेजारच्या नव्या पाटीवर वजन, साहित्य आणि मांडणीची माहिती होती. शीर्षकापलीकडे रॉसचा आणि एड्सचा उल्लेख मात्र नव्हता. एका प्रेक्षकाच्या ते लक्षात आले आणि त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले. ज्याला जिवंतपणी ‘मित्र’ म्हणून मागे उभे केले गेले असते, त्याला त्याच्याच व्यक्तिचित्राशेजारून पुसले जात आहे, हे अनेकांना सहन झाले नाही आणि निषेध वाढत गेला. संग्रहालयाने पाटी बदलली. बदललेल्या पाटीवर पुन्हा रॉस लेकॉक हे नाव आले, त्याचा आजार आला आणि तो कलाकाराचा जोडीदार होता हेही आले.